बंद यंत्राची नोंदवही

एका संगणकाच्या पोटात, केवळ आज्ञावलींच्या बळावर, दुसरा संगणक चालविता येतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. त्याची तबकडी ही मूळ संगणकाच्या दृष्टीने निव्वळ एक मोठी फाइल होय. कोलकात्याच्या पूर्वेस वसविलेल्या न्यू टाउनमधील एखाद्या संगणक-कार्यालयात अशी शंभर यंत्रे आहेत, असे समजू. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या पॅकेजात ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. १.०.१ पासून १.०.१एफ पर्यंतच्या आवृत्त्या सदोष होत्या. अशा वेळी पहिला प्रश्न असा, की शंभरांपैकी कोणत्या यंत्रांत ती आवृत्ती आहे?

यंत्रे सुरू न करताच हे पाहण्याची सोय लिबगेस्टएफएस या साधनसंचात आहे. तो एक लहानसे साहाय्यक लिनक्स यंत्र चालू करून त्यास ती फाइल तबकडी म्हणून जोडतो व आतील नोंदवही वाचतो. परंतु नोंदवही ठेवण्याची रीत सर्वत्र सारखी नाही. फेडोरा आरपीएम वापरते, डेबियन डीपीकेजी, तर अल्पाइन लिनक्स एपीके वापरते. अल्पाइनमध्ये मस्ल व बिझीबॉक्स हे आटोपशीर घटक असल्याने ते थोडक्या जागेत मावते.

सुदैवाने एपीकेची नोंदवही साध्या मजकुराची असते. ‘पी’ या अक्षरापुढे पॅकेजचे नाव, ‘व्ही’पुढे आवृत्ती आणि ‘ए’पुढे यंत्ररचना लिहिलेली असते, रिकामी ओळ आली म्हणजे एक नोंद संपली. याखेरीज ‘वर्ल्ड’ नावाच्या फाइलीत मालकाने स्वतः मागितलेल्या पॅकेजांचीच नावे असतात; त्यांना लागणारी इतर पॅकेजे एपीके स्वतः हिशेब करून आणते.

वाचण्यापेक्षा बसविणे अवघड. त्यासाठी साहाय्यक यंत्र पाहुण्या तबकडीलाच तात्पुरते आपले मूळ मानते व तिच्यातीलच एपीके आज्ञा चालविते. त्यामुळे दोघांची ग्रंथालये भिन्न असली तरी अडत नाही. मात्र प्रक्रियक एकाच जातीचा असावा लागतो.

तात्पर्य, साधनाला तीन गोष्टी शिकवाव्या लागतात: अल्पाइन ओळखणे, त्याची नोंदवही वाचणे व त्याच्या आज्ञा देणे. त्या न शिकविल्यास यादी कोरी येते. आणि कोरी यादी पाहून यंत्र निर्दोष समजणे यासारखा दुसरा धोका नाही. न वाचलेली वही ही रिकामी वही नव्हे.