वजनगट बरोबरीसाठी, जिवावर बेतण्यासाठी नाही

नाशिक विभागातले महाविद्यालयीन मल्ल विद्यापीठाच्या स्पर्धेत उतरतात, तेव्हा पहिली झुंज वजनकाट्याशी असते. जोड बरोबरीची लागावी म्हणून कुस्तीत वजनगट आले. पण काही मल्ल ऐनवेळी पाणी तोडून, घाम गाळून खालच्या गटात बसतात आणि वजन झाल्यावर खाऊन-पिऊन पुन्हा भारी होतात. बरोबरी मग कागदावरच उरते.

चार दिवसांत उतरलेले वजन चरबीचे नसते; बहुतांश पाणीच असते. ७० किलोच्या मल्लाचे साडेतीन किलो पाणी गेले, म्हणजे ५ टक्के वजन गेले. रक्तातले पाणी घटते, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. घाम कमी झाल्याने अंग तापते. तासा-दोन तासांत पाणी पिऊन ही तूट पूर्ण भरत नाही.

१९९७च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच खटाटोपात दगावले. त्यानंतर तिथे वाफेची खोली आणि रबरी सूट यांवर बंदी आली. वजन लढतीच्या थोडेच आधी होऊ लागले. मल्लाचा सर्वांत खालचा गट हंगामाच्या सुरुवातीलाच, लघवी तपासून आणि चरबी मोजून ठरतो. आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन उतरवता येत नाही.

आपल्या तालमींतही गट महिना-दोन महिने आधी ठरवता येईल. लघवी गडद होणे, चक्कर, पायांत गोळे ही धोक्याची खूण आहे. तेव्हा काटा विसरा, पाणी प्या, डॉक्टरांना गाठा.