मिक्सरला न जमणारं काम

पुरणयंत्र माळ्यावरून खाली उतरतं ते होळीला, मग बैलपोळ्याला, फार तर गौरीजेवणाला. काम झालं की घासूनपुसून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुन्हा वर. "गरम आहे तोवर फिरव गं, गार झालं की हात मोडतील," एवढी एक सूचना पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर चालत आलेली असते. पण परसातली टोमॅटोची झाडं एकदम लाल झाली, किंवा गावाहून रायवळ आंब्यांची पेटी येऊन पडली, की या यंत्राचा खरा आवाका कळतो. पुरण हे त्याच्या अनेक कामांपैकी एक.

रचना अगदी साधी. पातेल्यावर टेकवता येईल असं बसकं भांडं, तळाशी बदलता येणारी भोकांची चकती, मधोमध उभा दांडा आणि वर मूठ. दांड्याच्या खालच्या टोकाला तिरकं पातं. त्याची पुढची कड जाळीपासून उंच असते, मागची जवळजवळ जाळीला टेकते. मूठ फिरली की या निमुळत्या फटीत सापडलेला पदार्थ खाली रेटला जातो आणि भोकांतून उतरतो. मूठ उलटी फिरवली, तर तेच पातं जाळीवर साचलेला चोथा खरवडून वर उचलतं आणि तुंबलेली भोकं मोकळी होतात. हे पातं कापत नाही, दाबतं. सगळी गोम इथेच आहे.

मिक्सरचं पातं समोर येईल ते तोडतं. टोमॅटो घातला तर गराबरोबर साल आणि बीही बारीक होते, सालीचे कण जिभेला लागतात, फुटलेल्या बियांनी कडवटपणा येतो. शिवाय वेगामुळे आत हवा शिरते आणि लालभडक टोमॅटोचा फेसाळ, नारिंगी रस होतो. पुरणयंत्रात वाटण होत नाही, निवड होते. उकडलेले टोमॅटो घालून पाच-सात फेरे झाले की जाळीवर सालींच्या सुरळ्या दिसू लागतात. त्यांना बिया चिकटलेल्या, गर मात्र जवळजवळ गेलेला. खाली पातेल्यात पडतो तो दाट, गडद रस. बीभोवतीचा बुळबुळीत भागही त्यात उतरतो, आणि ते फार बरं होतं. टोमॅटोला चटकदार चव देणारं ग्लुटामेट बाहेरच्या मांसल गरापेक्षा या बुळबुळीत भागात जास्त असतं. बिया काढायच्या म्हणून टोमॅटो पिळून घेणारे ही चव मोरीत सोडतात.

रस दाट व्हावा की पाणचट, हे मात्र यंत्राच्या आधी, शेगडीवर ठरतं. टोमॅटो चिरला की त्यातली विकरं कामाला लागतात आणि रसाला धरून ठेवणारं पेक्टिन तोडू लागतात. सगळे टोमॅटो चिरून परातीत तासभर ठेवले, की नंतर बाटलीत खाली पाणी आणि वर गर असे दोन थर दिसतात. तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं की ही विकरं निकामी होतात. म्हणून थोडे टोमॅटो चिरून थेट गरम पातेल्यात टाकावेत, ठेचावेत, उकळी आली की पुढचे चिरून घालावेत. उकळी मोडू द्यायची नाही. मऊ झाले की गरम गरमच यंत्रात घालावेत. राहिलेला चोथा पुन्हा एकदा फिरवून घ्यावा. सालीलगतचा गर दुसऱ्या खेपेला सुटतो आणि रसाला दाटपणा येतो. हिशेब साधारण असा: पातळ सॉससाठी लिटरमागे अडीच किलो टोमॅटो लागतात, आटवून दाट करायचा तर तीन किलो.

फळांनाही हीच रीत. हापूसच्या गरात रेषा नसतात, त्याला यंत्राची गरज फारशी पडत नाही. रायवळच्या आमरसाला मात्र तोड नाही: धागे जाळीवर गुंडाळले जातात, खाली रेशमासारखा रस. तोच ताटात पसरून उन्हात वाळवला की आंबापोळी. पेरूच्या बिया दाताखाली खड्यासारख्या येतात, म्हणून पेरू उकडून फिरवायचे. गोव्यातलं पेराद अशा बीविरहित गरात साखर घालून, आटवून, वड्या पाडून होतं. उकडलेल्या आवळ्याचे रेषे काढायला पूर्वी गर कापडावर घासत. तेही काम इथे होतं. मोठ्या, टणक बियांची फळं मात्र बिया काढूनच घालावीत, नाहीतर पातं अडकतं आणि चकती वाकते.

युरोपातही याच घडणीची यंत्रं आहेत. बेल्जियममध्ये व्हिक्टर सिमोन यांनी १९२८ साली असं यंत्र केलं. १९३२ मध्ये फ्रान्सच्या जाँ मांतले यांनी भाज्या गाळण्याच्या आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. बायकोच्या हातच्या बटाट्याच्या लगद्यात गुठळ्या निघाल्या म्हणून त्यांना ते सुचलं, अशी आख्यायिका आहे. ३६ फ्रँकला कुणी फिरकेना, तेव्हा त्यांनी किंमत २० फ्रँकवर आणली आणि यंत्र घरोघर गेलं. त्यातून उभी राहिलेली कंपनी पुढे मुलिनेक्स नावाने विजेची उपकरणं बनवू लागली, मोठी झाली आणि २००१ साली दिवाळखोरीत निघाली. इटलीतल्या यंत्राची घडण थोडी वेगळी: नरसाळ्यातून टोमॅटो आत जातो, मळसूत्र त्याला शंकूच्या आकाराच्या जाळीवर दाबत नेतं, रस बाजूच्या पन्हळीतून आणि साल-बिया टोकातून बाहेर. दक्षिण इटलीत ऑगस्टमध्ये सगळं घर अंगणात बसून वर्षाचा टोमॅटो बाटल्यांत भरतं. आपल्या उन्हाळी वाळवणासारखीच ती धांदल.

आपल्याकडे हे साठवणं घरी का करू नये? नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांचे चढउतार आपण दरवर्षी पाहतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली आणि पुढच्या काही आठवड्यांतच भाव कोसळले. स्वस्ताईत पाच-दहा किलोंचा रस काढून ठेवला, तर महागाईत घरखर्चाला हातभार लागतो. फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर प्रश्न नाही. बाटल्यांत भरून बाहेर ठेवायचा तर आंबटपणा पुरेसा हवा. सामू (pH) ४.६ च्या वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, तर बॉट्युलिझम या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि टोमॅटो नेमका या सीमेवर असतो. त्यामुळे अर्ध्या लिटरमागे पाव चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालावं आणि बंद बाटल्या उकळत्या पाण्यात पूर्ण वेळ ठेवाव्यात. नुसत्या गरम रसावर झाकण लावून भागत नाही.

यंत्र घेताना स्टीलचं घ्यावं. अ‍ॅल्युमिनियमवर आंबट रस राहिला की तो त्याला खातो, आणि कल्हई नसलेल्या पितळेत तो कळकतो. दांडा हलवून पाहावा. पातं जाळीवर सगळीकडे सारखं टेकलं नाही, तर मूठ नुसतीच गरगर फिरते आणि खाली काही उतरत नाही. काम झालं की लगेच धुवावं, वाळलेला चोथा भोकांतून काढायला टाचणी घेऊन बसावं लागतं. मुख्य म्हणजे चकत्या किती आणि कोणत्या ते पाहावं. पुरणाला मध्यम भोकं चालतात, टोमॅटोच्या बिया त्यातून निसटतात. त्यासाठी बारीक चकती हवीच. मिक्सर घेताना आपण वॅट विचारतो. इथे विचारायचं ते भोकांचं माप, कारण खाली काय उतरेल आणि वर काय राहील, हे तेच ठरवतं.