कानाला वीज लागते किती?

डॉक्टर मंडळींचे छंद बहुधा रात्री दहानंतर सुरू होतात. शेवटचा रुग्ण गेलेला असतो, जेवणे उरकलेली असतात, घरातील माणसे झोपेच्या वाटेवर असतात आणि अशा वेळी मोठ्या स्पीकरवर दरबारी लावण्याची सोय उरत नाही. ज्या शहराचे नाव उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीमुळे घराण्याला मिळाले, त्या इंदुरात राहून रात्री मंद्र सप्तकातील दोन आलाप ऐकल्यावाचून दिवस संपल्यासारखा वाटत नाही. मग उरतो तो हेडफोनचाच आश्रय. या छंदात मला पंचवीसेक वर्षे झाली. त्यामुळे आमच्या व्यवसायबंधूंपैकी कोणी चांगला हेडफोन विकत घेतला, की पुढचा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो : ‘डॉक्टर, आता याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागेल का? की साउंड कार्ड?’

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘छंदाविषयी लिहा’ अशी आज्ञा केली, तेव्हा याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर एकदा लिहून काढावे असे वाटले. प्रश्न वरवर पाहता चैनीचा आहे; पण त्यात पैसा गुंतलेला आहे आणि पैशापेक्षा मोलाचे असे काही गुंतलेले आहे. त्याकडे शेवटी येईन.

दोन यंत्रे, दोन कामे

प्रथम एक गल्लत दूर करू. साउंड कार्ड, किंवा आजकाल ज्याला ‘डॅक’ म्हणतात ते यंत्र, आकड्यांच्या रूपात साठवलेल्या संगीताचे विद्युत्-लहरीत रूपांतर करते. अ‍ॅम्प्लिफायर त्या लहरीला हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देतो. ही दोन्ही कामे करणारी यंत्रणा आपल्या मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा त्यांना जोडायच्या छोट्या यूएसबी अडॅप्टरमध्ये आधीपासून असतेच. म्हणजे प्रश्न ‘हवे की नको’ असा नसून ‘आहे ते पुरते की नाही’ असा आहे. ब्लूटूथ हेडफोनच्या तर पोटातच ही दोन्ही यंत्रे बसवलेली असतात. बिनतारी ऐकताना त्याला बाहेरून अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याचा विचारच उद्भवत नाही.

पुरते की नाही हे ठरवायला हेडफोनच्या खोक्यावरील दोन आकडे पाहावेत. पहिला ओहममध्ये दिलेला इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा : अमुक इतके व्होल्ट किंवा मिलिवॅट दिले असता किती डेसिबल आवाज निघेल. पुष्कळ लोक पहिला आकडा पाहून घाबरतात आणि दुसरा वाचतच नाहीत. केवळ वजन पाहून औषधाची मात्रा ठरवावी आणि औषधाचे सामर्थ्य पाहूच नये, तसा हा प्रकार आहे.

उदाहरण म्हणून सेनहायझर कंपनीचा एचडी 650 घेऊ. 2003 साली आलेला हा हेडफोन जाणकारांत अजून मान राखून आहे. इम्पिडन्स 300 ओहम. एक व्होल्टला 103 डेसिबल. ‘तीनशे ओहम म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरवाचून चालणारच नाही’ असे याच्याविषयी सर्रास सांगितले जाते. आता हिशेब करून पाहा. शांत खोलीत आपण सरासरी 75 डेसिबलच्या आसपास ऐकतो असे धरू. ते बऱ्यापैकी खणखणीत ऐकणे आहे. तबल्याची थाप किंवा तानेचा जोर क्षणभर 20 डेसिबलने वर जाईल असे मानले, तर शिखर 95 डेसिबलचे. त्यासाठी लागणारा दाब सुमारे 0.4 व्होल्ट आणि शक्ती सुमारे अर्धा मिलिवॅट. होय, अर्धा मिलिवॅट! एक व्होल्ट देणारा साधा यूएसबी अडॅप्टर हे काम विनासायास करतो. अर्धाच व्होल्ट देणाऱ्या उपकरणावरही ते भागते, मात्र फार हळू ध्वनिमुद्रित केलेल्या जुन्या मैफलींच्या वेळी आवाजाची पट्टी शेवटापर्यंत सरकवावी लागते. तेवढ्यासाठी कोणी छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर तो खर्च अनाठायी म्हणता येणार नाही.

याच्या उलट उदाहरण हायफायमॅनच्या एचई-6 या प्लेनर हेडफोनचे. इम्पिडन्स अवघा 50 ओहम, म्हणून वरवर पाहता सोपा. पण एका मिलिवॅटला आवाज केवळ 83.5 डेसिबल. त्याच 95 डेसिबलच्या शिखरासाठी याला सुमारे 14 मिलिवॅट लागतात, म्हणजे एचडी 650च्या पंचवीसपटीहून अधिक. अनेक मोबाइल इथे दमतात. अशा हेडफोनला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर ही गरज आहे, चैन नव्हे. दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय निदान करू नये, ते एवढ्यासाठीच.

तीन लक्षणे, तीन उपचार

‘अ‍ॅम्प्लिफायर घेऊ का?’ असे कोणी विचारले, की मी आधी ‘त्रास काय होतो?’ असे विचारतो. तक्रार नसलेल्या रुग्णाला औषध देण्याची घाई आपण करत नाही. तक्रारी बहुधा तीन प्रकारच्या असतात.

पहिली : पट्टी शेवटापर्यंत नेली तरी आवाज अपुरा पडतो, किंवा जोराच्या जागी फाटतो. मोबाइलमधील आवाजाच्या मर्यादेची सोय सुरू नाही ना, मूळ ध्वनिमुद्रणच फार हळू नाही ना, हे पाहून घ्यावे. तसे नसेल आणि वरील हिशेबही तेच सांगत असेल, तर अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा.

दुसरी : संगीत थांबले असताना कानात खरखर, गुणगुण किंवा किरकिर ऐकू येते, माउस हलवला की तीही बदलते. संगणकाच्या पेटीत आजूबाजूच्या भागांचा विद्युत्-गोंगाट ध्वनीच्या मार्गात शिरतो, त्याचे हे लक्षण. इथे अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर संगीताबरोबर गोंगाटही वाढेल. उपाय म्हणजे रूपांतराचे काम पेटीबाहेर नेणे, अर्थात यूएसबीने जोडायचे बाहेरचे साउंड कार्ड. तत्पूर्वी एक बिनखर्चाची तपासणी करावी : लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐकावे. गुणगुण नाहीशी झाली तर दोष चार्जरच्या मार्गाने येत आहे. आपल्याकडील दोन पिनांच्या चार्जरवर असा अनुभव पुष्कळांना येतो.

तिसरी तक्रार सूक्ष्म आहे : ‘या यंत्रावर खर्ज जरा फुगल्यासारखा वाटतो.’ हा बहुतेक वेळा भास असतो, पण कधी कधी खरा असतो. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना सारखा नसतो. एचडी 650चा 300 ओहम हा नाममात्र आकडा; खर्जात, सुमारे 100 हर्ट्झच्या आगेमागे, तो 500च्या घरात जातो. यंत्राचा स्वतःचा अंतर्गत विरोध 120 ओहम असेल (जुन्या काही उपकरणांत तो असे), तर त्या जागी आवाज सुमारे एक डेसिबलने उचलला जातो. कानात घालायच्या काही बहुपडदा इअरफोनांत हा फरक याहून ठळक होतो. यंत्राचा अंतर्गत विरोध हेडफोनच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, हा ढोबळ नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुरे.

अशा संवेदनशील इअरफोनला ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याचे तोटेच अधिक. पार्श्वभूमीला सूक्ष्म सुस्कारा ऐकू येऊ लागतो आणि बटण जरासे फिरवताच आवाज अंगावर येतो. शिवाय बटणाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात डाव्या-उजव्या बाजूंचा तोल अनेकदा बिघडलेला असतो, आणि नेमके तिथेच ऐकावे लागते.

प्लासिबो कानालाही लागू पडतो

‘पण नवा अ‍ॅम्प्लिफायर लावल्यावर आवाज खुलला, तानपुरा झंकारू लागला,’ असे सांगणारे मित्र खोटे बोलत नाहीत. त्यांना तसे खरोखरच ऐकू येते. आपण डॉक्टरांनी तरी याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. साखरेच्या गोळीने दुखणे हलके झालेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यातच एक शारीरिक बाब अशी, की दोन आवाजांत जो किंचित मोठा असतो तो आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. नवे यंत्र अर्धा-एक डेसिबल जोरात वाजत असेल, तरी सगळी रंगत त्याच्याच पदरात पडते.

म्हणून तुलना करायची तर आवाज आधी मापून समान करावा. 50 हर्ट्झचा स्थिर सूर वाजवून साध्या मल्टिमीटरने दोन्ही यंत्रांचे व्होल्टेज जुळवता येते. घरगुती विजेची वारंवारता तीच असल्याने तेथे हे मीटर नीट मापतात. नंतर यंत्रे दुसऱ्या कोणाकडून बदलून घ्यावीत आणि आपण पाठ फिरवून ओळखावे. दहापैकी नऊ वेळा ओळखता आले तर पैसे खुशाल खर्च करावेत.

असे प्रयोग शिस्तीने झालेले आहेत. मेयर आणि मोरान यांनी 2007 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. उच्च प्रतीच्या ध्वनिमुद्रणाच्या मार्गात सीडीच्या दर्जाचे, म्हणजे 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झचे, रूपांतर मधेच घातले तर श्रोत्यांना ओळखता येते का, असा तो प्रश्न होता. 554 चाचण्यांत बरोबर उत्तरे आली 276. नाणेफेक केली असती तरी एवढीच आली असती. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीची 16 बिटांची पायरी सुमारे 96 डेसिबलचा पल्ला देते. आपण ज्या जुन्या तबकड्यांवर जीव टाकतो, त्यांची स्वतःची खरखर या पल्ल्याच्या कितीतरी वर असते. ती दूर करणारे साउंड कार्ड अद्याप जन्माला यायचे आहे.

खरी गोष्ट कानाची

आता, शेवटी येईन म्हटले होते त्या मुद्द्याकडे. आमच्या एका व्यवसायबंधूंनी मला विचारले, ‘मुलाला वाढदिवसाला चांगला हेडफोन दिला, पण तो म्हणतो आवाज कमी पडतो. कोणता अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?’ हेडफोन 32 ओहमचा होता आणि चांगला संवेदनशील होता. हिशेबाप्रमाणे मुलाच्या संगणकातून गरजेपेक्षा कितीतरी अधिक आवाज निघायला हवा होता, आणि मी स्वतः लावून पाहिला तेव्हा तो निघतही होता. तेव्हा दुकानाचा पत्ता देण्याऐवजी मी मुलाला दवाखान्यात बोलावले. सोळा वर्षांचा हुशार, लाजाळू मुलगा. ‘रात्री निजताना कानात कधी शिट्टीसारखे वाजते का रे?’ असे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘काका, रोजच वाजते. सगळ्यांनाच वाजत असेल असे मला वाटले.’

कानाचा पडदा निरोगी होता. मळ नव्हता. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवून श्रवणचाचणी केली, तेव्हा आलेखात 4000 हर्ट्झच्या जागी दोन्ही कानांत तो ओळखीचा खड्डा दिसला. पाठ्यपुस्तकात कारखान्यातील कामगारांच्या आलेखावर आपण जो पाहिला होता, तोच. आतल्या कानातील केसपेशी माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या आलेखापुढे बसलेल्या बापाचा चेहरा मी विसरलेलो नाही. ते स्वतः डॉक्टर असल्यामुळे मला काहीच समजावून सांगावे लागले नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 साली जाहीर केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास आणि मुलांसाठी 75 डेसिबलचे 40 तास अशी मर्यादा धरली आहे. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे 95 डेसिबल सतत ऐकायचे तर प्रौढालाही आठवड्याला सव्वा तास. आता मघाचाच हिशेब उलटा करा. एचडी 650ला अ‍ॅम्प्लिफायरने 100 मिलिवॅट दिले तर आवाज निघेल सुमारे 118 डेसिबल. आपल्याला हवा होता अर्धा मिलिवॅट. उरलेल्या सामर्थ्याचा उपयोग इजा करण्यापलीकडे फारसा नाही. मोबाइल निदान अधूनमधून इशारा देतो. टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर काही बोलत नाही.

त्या मुलाला अ‍ॅम्प्लिफायर मिळाला नाही. हेडफोन त्याच्याकडेच राहिला, कारण हिसकावून घेतलेली वस्तू मुले दुसरीकडे मिळवतात. आवाजाची मर्यादा त्यानेच आपल्या हाताने लावली, पंख्याचा आवाज आत येऊ नये म्हणून बंद पाठीचा हेडफोन निवडला आणि तासाला दहा मिनिटे कानाला विश्रांती द्यायची असे ठरले. पुढील दोन्ही वार्षिक चाचण्यांत खड्डा वाढलेला नाही. बालरोगतज्ज्ञाला अनेकदा एवढ्याच यशावर समाधान मानावे लागते.

तेव्हा विचारणाऱ्या सर्वांना माझा सल्ला असा. पैसे आधी चांगल्या हेडफोनवर खर्च करावेत, कारण आवाजातील खरा फरक तिथेच पडतो. नंतर शांत खोली शोधावी; भोवतालचा गोंगाट कमी झाला की आवाज आपोआप कमी ठेवता येतो. दोन आकडे घेऊन हिशेब करावा. खरखर असेल तर साउंड कार्ड, ताकद अपुरी पडत असेल तर अ‍ॅम्प्लिफायर, आणि दोन्ही तक्रारी नसतील तर काहीच नको. हिशेब पुरेसा आवाज सांगत असूनही कानाला तो कमी वाटत असेल, तर दुकानाआधी श्रवणचाचणी. आपल्या वयात ती तशीही एकदा करून घेण्यास हरकत नाही.

एवढे वाचूनही शंका उरल्यास मला अवश्य दूरध्वनी करावा. फक्त रात्री दहानंतर नको. त्या वेळी मी तो ऐकू शकेन याची खात्री नाही.