कोजागिरीचं दूध आटायला इतका वेळ का लागतो? आणि चांदण्यात किती वेळ ठेवावं?

आश्विन पौर्णिमेच्या संध्याकाळी मोठं पातेलं माळ्यावरून खाली येतं आणि गच्चीची किल्ली कुणाकडे आहे, याची सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते. भेळ बाहेरून आली तरी चालते. मसाला दूध मात्र घरीच आटवायचं, यावर बरीच घरं ठाम असतात. 'को जागर्ति', म्हणजे 'कोण जागं आहे?' असं विचारत लक्ष्मी या रात्री फिरते, अशी श्रद्धा. अनेक घरांत याच दिवशी थोरल्या अपत्याला ओवाळतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाईच्या गाण्यांची सांगताही याच रात्री होते.

आटायला वेळ का लागतो?

गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. दोन लिटरचं दीड लिटर करायचं, तर अर्धा लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. २५ अंशांचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट त्याच पाण्याची वाफ करायला लागते. घाईने गॅस मोठा केला की तळाशी प्रथिनं चिकटून दूध करपतं आणि तो वास वेलचीनेही झाकत नाही. म्हणून रुंद, जाड बुडाचं पातेलं, मध्यम आच आणि कडेची साय खरवडून पुन्हा दुधात. केशर थोड्या कोमट दुधात आधी भिजवलं, तर रंग छान उतरतो. जायफळ चिमूटभरच घालावं. फार झालं तर मळमळ, चक्कर येऊ शकते.

हे ढवळणं बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतं. ती गच्चीवर पोहोचेपर्यंत पत्त्यांचे दोन डाव झालेले असतात. दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावायला काहीच हरकत नाही.

चांदण्यात किती वेळ?

दुधात चंद्र दिसला पाहिजे, हे खरं. पण ५ ते ६० अंश तापमानात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि काहींचे बीजाणू उकळल्यावरही तग धरतात. त्यामुळे कोमट झालेलं दूध दोन तासांच्या आत संपवावं किंवा फ्रिजमध्ये ठेवावं. रात्रभर गच्चीवर राहिलेलं दूध, वास चांगला असला तरी, लहान मुलांना देऊ नये. मोठ्यांनीही टाळलेलं बरं. चंद्र दाखवायला एक वाटी पुरते.

घरात मधुमेही असतील, तर साखर घालण्याआधी त्यांचा पेला वेगळा काढतात. मात्र दूध आटताना त्यातली मूळ साखर तशीच राहते, फक्त पाणी उडतं. त्यामुळे बिनसाखरेचा पेलाही अर्धाच भरावा.