पहिल्या व्रणानंतरचें दुसरें बाळंतपण

आपल्या घरांतून अलीकडे एक वाक्य म्हणीसारखें रूढ झालें आहे. "पहिलें सीझर, मग दुसरेंहि सीझरच." सून दुसऱ्यांदां गरोदर आहे असें कळतांच आत्या, मावश्या, शेजारणी हें वाक्य इतक्या सहजपणें उच्चारतात कीं, त्यांत विचार करण्याजोगें कांहीं उरलेंच नाहीं, असें ऐकणारीस वाटावें. श्रोतेहो, आज मला एवढेंच मांडावयाचें आहे कीं, तें वाक्य म्हणजे नियम नव्हे. तो एक प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर प्रत्येक स्त्रीच्या बाबतींत निराळें निघूं शकतें. मी वैद्य नव्हे. माझें आयुष्य शाळेंत मुलांना शिकविण्यांत गेलें. परंतु कोणताहि नियम पाठ करण्यापूर्वीं तो कोणीं, केव्हां व कशासाठीं सांगितला हें विचारावें, असें मी विद्यार्थ्यांना सांगत आलों. तीच रीत येथेंहि उपयोगी पडते.

हा नियम मूळचा न्यूयॉर्कचा. १९१६ सालीं तेथील एडविन क्रॅगिन या प्रसूतितज्ज्ञानें एका लेखांत तो नमूद केला. त्याचा रोख दुसऱ्या खेपेकडे नव्हता, पहिल्या शस्त्रक्रियेकडे होता. एकदां गर्भाशयास छेद दिला कीं पुढचें प्रत्येक बाळंतपण जोखमीचें होऊन बसतें, म्हणून पहिला छेद घेण्यापूर्वींच नीट विचार करा, असें तो आपल्या व्यवसायबंधूंना बजावीत होता. या नियमास पुष्कळ अपवाद आढळतात, हेंहि त्यानें त्याच लेखांत मान्य केलें होतें. लोकांनीं इशारा विसरून नियम तेवढा लक्षांत ठेवला.

शिवाय त्या काळची शस्त्रक्रिया आजच्यासारखी नव्हती. तेव्हां गर्भाशयाच्या वरच्या, जाड व स्नायुमय भागावर उभा छेद घेत असत. कळा येऊं लागल्या म्हणजे हाच भाग जोरानें आकुंचन पावतो. साहजिकच तेथला सांधा उसवण्याचें भय अधिक. पुढें १९२० नंतरच्या दशकांत ग्लासगो येथील मन्रो कर यांनीं गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याच्या पद्धतीचा हिरिरीनें पुरस्कार केला. या भागांत रक्तस्राव कमी होतो, व्रण चांगला भरून येतो, आणि कळांचा जोर त्यावर कमी पडतो. आज होणाऱ्या बहुतेक शस्त्रक्रिया याच पद्धतीच्या असतात.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. पोटाच्या कातडीवरचा व्रण आणि गर्भाशयावरचा व्रण हे दोन निराळे व्रण आहेत. कातडीवर आडवी रेघ दिसते, म्हणून आंतहि ती आडवीच असेल असें नाहीं. सर्व निर्णय ज्याच्यावर अवलंबून, तो आंतला व्रण. त्याची हकीकत पहिल्या शस्त्रक्रियेच्या टिपणांतच वाचावी लागते.

आतां आंकड्यांकडे वळूं. ब्रिटनमधील प्रसूति व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजानें २०१५ सालीं या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केलें. त्यानुसार, एकच आडवा व्रण असलेल्या शंभर स्त्रियांनीं नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर सुमारें ७२ ते ७५ जणींचा प्रयत्न सफल होतो. पूर्वीं एखादें मूल नैसर्गिक रीतीनें झालेलें असल्यास हें प्रमाण ८५ ते ९० पर्यंत जातें. उरलेल्या पंचवीसएक जणींना कळा सोसून अखेरीस शस्त्रक्रियाच करून घ्यावी लागते. आणि अशी ऐन वेळची शस्त्रक्रिया आधीं ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षां अधिक कष्टाची व अधिक धोक्याची असते.

मुख्य भीति जुना व्रण उसवण्याची. कळा आपोआप सुरू झाल्या असतां हा प्रसंग सुमारें दोनशें स्त्रियांत एकीवर येतो. दोनशें म्हणजे शाळेंतल्या चार वर्गांच्या मुली. त्यांतल्या १९९ जणींचा व्रण टिकतो, हें जितकें खरें, तितकेंच हेंहि खरें कीं, त्या एकीच्या बाबतींत क्षणाचाहि विलंब चालत नाहीं. बाळाचे ठोके एकाएकीं मंदावतात, दोन कळांच्या मधल्या वेळींहि पोटांतली वेदना थांबत नाहीं, मातेस आंतल्या आंत रक्तस्राव होऊं लागतो. कांहीं मिनिटांत पोट उघडावें लागतें. क्वचित् गर्भाशय काढून टाकण्याची वेळ येते, आणि क्वचित् बाळ हातचें जातें. ज्यांस हा आंकडा लहान वाटतो त्यांनीं हा परिणाम पाहावा, आणि ज्यांस परिणाम ऐकून धडकी भरते त्यांनीं आंकडा पुन्हां पाहावा.

मग ठरवून केलेली शस्त्रक्रियाच बरी, असें कोणी म्हणेल. तिच्यांत व्रण उसवण्याचें भय जवळजवळ नाहींसें होतें, दिवस निश्चित असतो, धांवपळ टळते. हे लाभ खोटे नाहींत. परंतु ३९ आठवडे पुरे होण्याआधीं केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. म्हणून वैद्यकीय कारण नसतां केवळ पंचांगांतील मुहूर्त गांठण्यासाठीं तारीख अलीकडे ओढणें बाळाच्या हिताचें नाहीं. दुसरें असें कीं, प्रत्येक नव्या व्रणागणिक पुढच्या गरोदरपणाचा धोका वाढत जातो. बाळाची वार जुन्या व्रणांत खोल रुजून बसली, म्हणजे ती सुटत नाहीं व भयंकर रक्तस्राव होतो. अमेरिकेंत ३०,००० हून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ही आपत्ति दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं हजारांत तीन, तिसरीच्या वेळीं हजारांत सुमारें सहा, आणि चौथीच्या वेळीं हजारांत एकवीस स्त्रियांत आढळली.

या आंकड्यांतून एक साधा प्रश्न निघतो: या घरास आणखी किती मुलें हवीं आहेत? दुसऱ्या मुलावर थांबण्याचा निश्चय असेल, तर पुढच्या व्रणांचें भय तितकें उरत नाहीं. तिसऱ्या मुलाची इच्छा असेल, तर आजचा निर्णय पुढच्या खेपेवरहि परिणाम करणार, हें ओळखून तो घेतला पाहिजे. हा प्रश्न डॉक्टरांपेक्षां पति-पत्नींनींच एकमेकांस विचारावयाचा आहे.

प्रयत्न कोणीं करावा व कोणीं करूं नये, याविषयीं शास्त्राचें मत बरेंच स्पष्ट आहे. गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा व्रण असेल, पूर्वीं कधीं व्रण उसवला असेल, किंवा वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा विचारहि करूं नये. उलट पहिली शस्त्रक्रिया बाळ पायाळू होतें अशासारख्या, पुन्हां उद्भवेलच असें नसलेल्या कारणासाठीं झाली असेल, आणि यावेळीं बाळ सरळ असून कळा आपोआप सुरू झाल्या असतील, तर आशा अधिक. बाळ फार मोठें असणें, मातेचें वजन फार असणें, आणि दोन बाळंतपणांत दीड वर्षाहूनहि कमी अंतर असणें, या गोष्टी प्रतिकूल होत. औषधें देऊन कळा आणल्यास व्रण उसवण्याचें भय दोन ते तीन पटींनीं वाढतें, म्हणून "कळा न आल्यास काय करणार?" हा प्रश्न आधींच विचारून ठेवावा.

स्त्री योग्य असली तरी स्थळहि योग्य असावें लागतें. जेथें दिवसा-रात्रीं केव्हांहि शस्त्रक्रिया करतां येते, भूल देणारे डॉक्टर हजर असतात, रक्त तत्काळ मिळतें, बाळाच्या ठोक्यांवर सतत नजर ठेवली जाते आणि नवजात बाळासाठीं तज्ज्ञ असतो, तेथेंच हा प्रयत्न व्हावा. आपल्या छत्रपती संभाजीनगरांत, औरंगाबाद या जुन्या नांवाच्या काळीं, १९५६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. त्याचें रुग्णालय 'घाटी' या नांवानें सर्वांच्या परिचयाचें आहे, आणि मराठवाड्यांतील गांवोगांवच्या अडलेल्या बाळंतिणी तेथें येतात. केंद्र सरकारच्या २०११ सालच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वयें सरकारी रुग्णालयांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें व रक्त हीं विनामूल्य मिळावयाचीं असतात. खासगी रुग्णालयांपैकीं कांहींत वरील सोयी असतात, कांहींत नसतात. ज्या लहान प्रसूतिगृहांत एकच डॉक्टर असतो, त्यानें "माझ्याकडे हा प्रयत्न नको" असें सांगितलें, तर तो त्याचा भित्रेपणा समजूं नये. तो प्रामाणिकपणा आहे. अशा वेळीं मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी.

तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या आपल्या आप्तांनीं तर अंतराचा हिशेब अगोदर करावा. कन्नड किंवा सिल्लोडहून येथें यावयास वाहन मिळालें तरी तासभर सहज लागतो. उसवलेला व्रण तास देत नाहीं. प्रयत्न करावयाचा असेल, तर शेवटच्या दिवसांत शहरांतल्या नातलगांकडे येऊन राहणें श्रेयस्कर.

आतां आपल्या रीतीरिवाजांतून उद्भवणारी एक अडचण सांगतों. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही आपली जुनी चाल. तिच्यामागें मुलीविषयींची माया आहे. पण तिच्यामुळें पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद एका गांवीं आणि दुसरें गरोदरपण दुसऱ्या गांवीं, असें घडतें. माझ्या परिचयाच्या एका घरीं हेंच झालें. सुनेची पहिली शस्त्रक्रिया परजिल्ह्यांत झाली होती. घरीं आणलेल्या कार्डावर तारीख, मुलगा, वजन एवढेंच होतें. छेद कोठें व कसा घेतला, कां घेतला, याचा पत्ता नव्हता. नवव्या महिन्यांत शोधाशोध सुरू झाली, तेव्हां जुने कागद मिळाले नाहींत. टिपण पाहिल्यावांचून जोखीम घेण्यास येथील डॉक्टर तयार होईनात, आणि त्यांचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. शस्त्रक्रिया झाली, माय-लेंकरूं सुखरूप आहेत. तरीहि ती मुलगी मला म्हणाली, "काका, मी ठरवलंच नाही, हरवलेल्या कागदानं ठरवलं." हें शल्य टाळतां येण्याजोगें होतें.

म्हणून ज्या घरीं आज पहिली शस्त्रक्रिया होत असेल, त्या घरच्या मंडळींनीं घरीं परततांना शस्त्रक्रियेचें संपूर्ण टिपण मागून घ्यावें व तें जन्मदाखल्याइतक्याच काळजीनें जपावें. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांनुसार डॉक्टरांनीं दाखल रुग्णांचीं टिपणें तीन वर्षें जतन करावयाचीं असतात, आणि रुग्णानें वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनें मागितल्यास तीं ७२ तासांच्या आंत द्यावयाचीं असतात. पहिल्या व दुसऱ्या मुलांत तीन वर्षांचें अंतर सहज पडतें. तेव्हां मागणी आजच करावी.

हा प्रश्न थोड्या घरांपुरता राहिलेला नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभर प्रसूतींपैकीं २१ ते २२ शस्त्रक्रियेनें झाल्याचें दिसलें. महाराष्ट्रांत हें प्रमाण २५ हून अधिक होतें. देशभरच्या सरकारी रुग्णालयांत तें १४, तर खासगी रुग्णालयांत ४७ होतें. एवढ्या फरकाचें खापर एकट्या डॉक्टरांवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. कळांची भीति, तारखेची सोय, बाळास कांहीं झालें तर डॉक्टरांवर धांवून जाणारे नातलग, वेळेचा व पैशाचा हिशेब, हीं सारीं कारणें त्यांत मिसळलीं आहेत. परंतु आज पहिला व्रण घेऊन घरीं येणारी प्रत्येक स्त्री उद्यां याच प्रश्नापुढें उभी राहणार, हें विसरून चालणार नाहीं.

शेवटीं निर्णय कोणाचा? सल्ला डॉक्टरांचा, आधार घरच्यांचा. निर्णय मात्र जिच्या देहावर व्रण आहे तिचा. तिला तो घेतां यावा, म्हणून चर्चा नवव्या महिन्यांत नव्हे, तर चौथ्या-पांचव्या महिन्यांतच, जुने कागद समोर ठेवून व्हावी. सासूबाईंनीं आपल्या काळच्या बाळंतपणांचे दाखले देऊन तिला भरीस घालूं नये, आणि आईनें मायेपोटीं घाबरवूं नये. सर्व समजून घेऊन जी शस्त्रक्रिया पत्करते, ती भित्री नव्हे. जी प्रयत्न करते आणि मध्येंच तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते, ती हरली असें नव्हे. प्रयत्न आरंभल्यावरहि बेत बदलण्याची तयारी ठेवणें, हा त्या प्रयत्नाचाच भाग आहे.

पुढच्या वेळीं कोणी "पहिलें सीझर, मग दुसरेंहि सीझरच" असें म्हणाल्यास त्यांना तीन प्रश्न विचारावेत. आंतला व्रण कसा आहे? पहिली शस्त्रक्रिया कां झाली? आणि जेथें प्रसूति व्हावयाची, तेथें मध्यरात्रीं शस्त्रक्रिया करतां येते काय? या तिहींचीं उत्तरें हातीं येईपर्यंत तिचें बाळंतपण कसें होईल, हें इतर कोणीं ठरवून टाकूं नये.