दरीतील धरण व काठांचा खडक

नदीने खोल कापलेली अरुंद दरी धरणास सोयीची असते. भिंत आखूड लागते व पाणी पुष्कळ साठते. परंतु साठलेले पाणी केवळ भिंतीवरच दाब देत नाही. दोन्ही काठांच्या खडकातील भेगांतही ते शिरते. म्हणून दरीच्या आकाराइतकीच खडकाची परीक्षा महत्त्वाची होय.

अमेरिकेतील आयडाहो राज्यात टीटन नदीच्या दरीत सुमारे ९३ मीटर उंचीचे मातीचे धरण बांधण्यात आले. तेथील खडक ज्वालामुखीच्या तप्त राखेचे कण एकमेकांस चिकटून बनलेला आहे. असा खडक थंड होताना आकसतो व त्यास भेगा पडतात. त्या बुजविण्यासाठी छिद्रे पाडून सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरण्यात आले. काठांत खोल चर खणून त्यांत गाभ्याची माती दाबून बसविली. ही माती वाऱ्याने आणलेली, बारीक व अल्प चिकटपणाची असल्याने पाण्याने सहज वाहून जाणारी होती. चराच्या सर्व भेगा बुजविलेल्या नव्हत्या. माती व खडक यांच्यामध्ये कण अडविणारा गाळणथरही नव्हता.

जलाशय प्रथमच भरत असताना, ३ जून १९७६ रोजी भिंतीच्या खालच्या अंगास स्वच्छ पाण्याचे झरे दिसले. ५ जूनला सकाळी उजव्या काठाजवळ गढूळ पाणी वाहू लागले. पाण्याबरोबर गाभ्याची माती निघून येत होती. भगदाड बुजविण्यास पाठविलेले दोन बुलडोझर त्यातच गडप झाले. चालक मात्र बचावले. दुपारी बाराच्या सुमारास भिंत फुटली. ११ माणसे व हजारो गुरे प्राणास मुकली. ते धरण पुन्हा बांधले गेले नाही.

आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा खडकही ज्वालामुखीजन्य असून अनेक ठिकाणी भेगाळ आहे. पाझर तलावाच्या पोटातून पाणी मुरावे हे इष्टच. भिंतीखालून किंवा तिच्या टोकांशी मात्र ते वाट काढू नये. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. पायाचा चर उघडा असतानाच तळ व दोन्ही बाजू बारकाईने पाहाव्यात. भेगा दिसल्यास अभियंत्यास दाखविल्याविना चर भरू नये.

२. गाभ्यास चिकण माती वापरावी व ती थराथराने ओलवून दाबावी.

३. पहिल्या भरणीच्या वेळी भिंतीचा पायथा व दोन्ही टोके रोज पाहावीत. पाझर स्वच्छ असला तरी त्याची नोंद ठेवावी. तो वाढला किंवा गढूळ झाला, तर तत्काळ अधिकाऱ्यांस कळवावे व खालच्या वस्तीस सावध करावे.