मॅमोग्राफीचा नंबर कशासाठी लागलाय, ते आधी विचारा

मागच्या महिन्यात आमच्याकडे एक ताई आल्या. हातात केसपेपर, चेहरा उतरलेला. शिबिरात मॅमोग्राफी झाली होती आणि आता 'परत या' असा फोन आला होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. बोलता बोलता कळलं, डाव्या बाजूची गाठ त्यांच्या हाताला दिवाळीपासूनच लागत होती. पण शिबिरात फॉर्म भरणाऱ्यानं 'काही त्रास?' विचारलं, तेव्हा त्या 'नाही' म्हणाल्या. समोर पुरुष बसलेला, सांगणार कसं!

हा 'नाही' महागात पडतो. मशीन एकच असलं तरी मॅमोग्राफीचे नंबर वेगवेगळे असतात.

काहीही त्रास नसताना होते ती नुसती पडताळणी. प्रत्येक स्तनाचे दोन, असे चार एक्स-रे काढतात आणि बाईला घरी पाठवतात. डॉक्टर ते नंतर, बऱ्याचदा गठ्ठ्यानं वाचतात. गाठ, बोंडातून रक्त किंवा पाणी, आत ओढलं गेलेलं बोंड, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, यांतलं काही असेल तर मात्र निदानाची मॅमोग्राफी लागते. तिथे दुखऱ्या जागेचे जवळून जादा फोटो काढतात, बहुधा सोनोग्राफीही करतात. वेळ जास्त जातो, म्हणून मुलांची सोय करूनच जा. तरुण मुलीला गाठ असेल तर बहुतेक वेळा आधी सोनोग्राफीच सांगतात. तिला टाळलं, असं समजू नका.

तिसरा नंबर परत बोलावण्याचा. रिपोर्टवर 'बायरॅड्स ०' लिहिलेलं असतं आणि आपल्या बाया म्हणतात, 'शून्य आलं, म्हणजे काही नाही.' चूक! शून्य म्हणजे तपासणी अपुरी, आणखी फोटो हवेत. परत बोलावलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो, पण गेल्याशिवाय ते कळणार कसं? ३ आकडा असेल तर साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ किंवा ५ असेल तर सुईनं तुकडा काढून तपासतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मॅमोग्राफी साफ आली, पण गाठ हाताला लागतेच आहे, तर डॉक्टरांच्या मागे लागा. काही गाठी एक्स-रेत दिसत नाहीत.

पाळी झाल्यावरच्या आठवड्यात नंबर घ्या, तेव्हा दाबलेलं कमी दुखतं. दाब काही सेकंदांचाच असतो. त्या दिवशी काखेत पावडर किंवा सेंट लावू नका, ते फोटोत ठिपक्यांसारखं दिसू शकतं. जुने फोटो सोबत न्या. दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा.

मशीन जवळपास नाही, म्हणून गप्प बसायचं कारण नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर स्तनांची हातानं तपासणी आहे, आरोग्य केंद्रात विचारा. ही तपासणी कमी दर्जाची समजू नका. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक बायांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या सेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पन्नाशीच्या पुढच्या बायांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. आपल्यासारख्याच खोल्यांमध्ये राहणाऱ्या बाया त्या.

खर्चाचं विचाराल, तर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. कशाचे पैसे लागतील आणि कशाचे नाही, ते त्याच्याकडून आधी वदवून घ्या. सोबतीला कुणी नसेल तर आम्हाला हाक मारा.

त्या ताईंना आम्ही पुन्हा नेलं, या वेळी त्यांनी गाठीचं सगळं सांगितलं. सोनोग्राफी झाली, सुई झाली. रिपोर्ट मंगळवारी आहे. मोठी मुलगी सोबत येणार आहे.